पळायला गेलाय, येईलच

१

तोंडाने सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहितो. जलालुद्दीन म्हणाला, "लिही बे, वहीला कोण लाजतं?" माझी शाळा नववीत सुटली. काही चुकलं तर समजून घ्यावं.

मी मस्कतला एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. जलालुद्दीन आमच्याच जिल्ह्यातला, चौसाळ्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानेच मला इकडे आणलं आणि हातात पाना दिला. एका खोलीत आम्ही सहा जण राहतो. तीन दुमजली लोखंडी पलंग, एक खिडकी आणि खिडकीत आमचा स्वतःचा एसी, जो दर दहा मिनिटांनी धाप लागल्यासारखा थांबतो. तो थांबला की खोलीतल्या माणसांचे श्वास ऐकू येतात. दिवसभर लोकांचे एसी नीट करून आल्यावर त्याला हात लावायची कुणाची इच्छा होत नाही.

शुक्रवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी मी आईला फोन करायचो. आई, केसरबाई, शिरूर कासारच्या पुढे आमच्या वाडीत एकटी राहते. एकटी म्हणजे ती आणि एक गाय. वडील जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळी सरली की वाडी उसतोडीला जाते, मागे म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा झाला नव्हता. तलावाच्या तळात गुरं बसायची. आड आटला होता. वाडीला टँकर सुरू झाला होता आणि त्या पाण्याचं वाटप आमच्या दूध सोसायटीकडे होतं.

माणशी रोज वीस लिटर, पण हजेरी आठवड्यातून एकदाच. दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला डेअरीच्या शेडसमोर सोसायटीचा सेक्रेटरी राधाकिशन यादी वाचायचा. जे गावात नाहीत त्यांची नावं कमी व्हायची. एका माणसाच्या पाण्यात बाई आणि गाय दोघींचं कसं भागणार? म्हणून आईने माझं नाव कमी होऊ दिलं नाही.

"मंग नाव घेतलं की काय सांगतीस?" मी विचारलं.

"सांगते, पळायला गेलाय, येईलच." आई फोनवर हसली. "तू सकाळी पळायलाच जायचास की. समद्यांना ठावं हाय."

"अन राधाकिशन ऐकतो?"

"ऐकतो. हजर लिवतो. त्याची बी गाय हाय, त्याला कळतं."

आमच्याकडची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्याने पळतात. मीही त्यांच्याबरोबर पळायचो. मला भरतीला उभं राहता येणार नव्हतं, बारावी लागते. पण माझा दम चांगला होता, म्हणून पोरं म्हणायची, गहिनीच्या मागं लागा. माझं नाव गहिनीनाथ. लहानपणी उसाच्या फडात डाव्या पायावर कोयता पडला होता, त्यामुळे तो पाय मी जरा बाहेर फेकून टाकतो. पोरं माझ्या मागून तसंच पळून दाखवायची आणि हसायची. तेवढ्यापुरता मी त्यांच्यातला होतो.

आईने माझ्या नावाने खोटं बोलावं हे मला बरं वाटेना. पण गाय दिसायची डोळ्यांपुढे.

२

फेब्रुवारीत थॉमस सर गाडी घेऊन आले. ते केरळचे, एका दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर. गाडीच्या मागच्या काचेवर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. जलालुद्दीनने विचारलं तेव्हा ते म्हणाले, आमचा पळण्याचा क्लब आहे. कुणीही यावं. शर्यत नाही, फी नाही. शुक्रवारी पहाटे पाचला समुद्राकडेच्या रस्त्यावर जमायचं, आठ किलोमीटर पळायचं, मग मिळून चहा.

"हा लई पळतो, सर," जलालुद्दीन मराठी-हिंदी मिसळून म्हणाला. "पन बोलत न्हाई. दो साल से रूम में पडा है."

मी खाली बघून पाइप पुसत राहिलो.

रात्री पलंगावर पडल्यावर हिशोब लागला. मस्कतचे पाच म्हणजे आमच्याकडचे साडेसहा. राधाकिशन माझं नाव वाचेल त्याच वेळी मी इथे पळत असेन. म्हणजे आई बोलते ते खोटं राहणार नाही. ही गोष्ट मला इतकी आवडली की त्या शुक्रवारी मी जुने कापडी बूट घालून गेलो.

तीसेक लोक होते. फिलिपिन्सच्या नर्सबाया, दोन गोरे, शाळेत शिकवणारे, बँकेतले. सगळे एकमेकांना नावाने हाक मारत होते. मी दिव्याच्या खांबाआड उभा राहिलो. थॉमस सरांनी मला शोधून काढलं आणि अंगात एक नारिंगी जाकीट अडकवलं. त्यांच्या क्लबात एक रीत आहे. एका माणसाने सगळ्यांत शेवटी राहायचं. कुणी दमलं, मागे पडलं, तर त्याच्यासोबत थांबायचं. परत आल्यावर सर विचारणार, सगळे आले? आणि शेवटच्याने ओरडून सांगायचं, सगळे आले.

"लास्ट मॅन सबसे बडा ड्यूटी," सर म्हणाले.

मला ते काम फार मानवलं. शेवटी पळणाऱ्याशी कुणी बोलत नाही आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. ओरडणं मात्र जमलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी नुसता हात वर केला. शाळेतही माझं तेच व्हायचं. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि माझं 'हजर' पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. वर्गात बसलेला असून कितीदा गैरहजर लागलोय.

चहा पिऊन मी आईला फोन लावला. "आई, आता तू खोटं बोलत न्हाईस. मी खरंच पळायला गेलतो."

आईला लई हसू आलं.

३

दुसऱ्या शुक्रवारी आई म्हणाली, "आज मला सांगावंच लागलं न्हाई. नाव घेतलं, अन राधाकिशनच म्हणला, हाय हाय, पायला मी त्याला तलावाच्या पाळंवर."

"कुणाला?"

"तुला." आई मजेत होती. "दुसरा कोणी आसंल. पन बरं झालं, माझं तोंड वाचलं."

मीही हसलो. भरतीचं कोणी पोर असेल. फोन ठेवल्यावर आठवलं, भरतीची पोरं त्या वर्षी गावात नव्हतीच. जी उसतोडीला गेली नव्हती ती पुण्याला कंपन्यांत गेली होती.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आठ किलोमीटर पळून आलो होतो, दमटपणामुळे अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण तहान नव्हती. नर्सबाईने बाटली पुढे केली, मी मान हलवली. तोंडाला एक चव होती. ओळखीची, पण कसली ते आठवेना. दुपारी जेवताना आठवलं. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकतात, तिची.

वास आणि चवी डोक्यात कुठेही बसलेल्या असतात, असं मी स्वतःला सांगितलं. मस्कतच्या नळालाही पावडरचा वास येतोच. मी नळाचं पाणी मुद्दाम पिऊन पाहिलं. त्याची चव वेगळी होती.

४

त्यापुढच्या शुक्रवारी तो डेअरीच्या शेडमागून गेला. शेजारच्या छबुबाईने पाहिला. पाठमोरा. त्यापुढच्या शुक्रवारी आमच्या गल्लीतून गेला आणि आईने स्वतः पाहिला.

"मी हंडा घिऊन निघालते," आई म्हणाली, "अन म्होरून गेला. एक पाय आसा फेकत. माझ्या काळजात धस्स झालं. मी म्हणलं, लेकरू न सांगता आलंच जनू."

"आई, मी इथं हाय. मस्कतला."

"आता बोलतूयास म्हनल्यावर तिथंच आसशील की. मी काय येडी हाय?" मग जरा थांबून म्हणाली, "ते नारिंगी जाकीट मातर लई शोभतं रं तुला."

जाकिटाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. क्लबात शेवटचा असतो एवढंही सांगितलं नव्हतं. तिला त्यात कमीपणा वाटला असता.

मी खोलीत बसून बोलत होतो. एसी थांबला. मला माझाच श्वास ऐकू आला, अजून पळत असल्यासारखा.

"आई, त्याच्याकडं बघू नको. दार लावून घेत जा."

"कावून? त्यानं काय केलं? उलट मी उंबऱ्यावर तांब्या भरून ठिवला. आल्यावर रिकामा होता, पालथा घातलेला. आपल्या घरच्यावानी."

आमच्या घरात पाणी पिऊन झालं की तांब्या पालथा घालायची सवय फक्त मला होती.

"पान्याचा थेंब न्हाई अन तू तांब्या भरून ठिवतीस?"

"तुझ्याच नावाचं पानी हाय ते," आई म्हणाली.

५

जलालुद्दीनला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, पण घाबरलाही नाही. तो माणूस मशीन उघडल्याशिवाय बोलत नाही. म्हणाला, "थांब. नबीला विचारू."

नबी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आमच्या वाडीचा टँकर तोच चालवायचा. शुक्रवारी दुपारी जलालुद्दीनने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"क्या रे नब्या, गहिनीच्या वाडीला गेलता का सकाळी?"

"गेलतो ना भाई. अन हा गहिनी कधी आला? सांगितलं बी न्हाई! रस्त्याच्या मधून पळत होता. हॉर्न दिला, बाजूला व्हईना. मागं वळून बघंना बी. लई मिजास आली का मस्कतला जाऊन?"

जलालुद्दीनने माझ्याकडे पाहिलं. "तोंड पायलंस का त्याचं?"

"मी टँकर कडंनं म्होरं काढला," नबी म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. "म्हणलं आता आरशात बघू साल्याचं तोंड. आरशात पायलं तर..."

"तर काय?"

"पाठच दिसली, भाई."

"म्हंजी उलटा वळला आसंल. परत चालला आसंल."

"न्हाई ना. माझ्या मागंच येत होता. मोठा मोठा व्हत होता आरशात. पन पाठच."

जलालुद्दीनने फोन बंद केला आणि फडक्याने पुसत बसला. "झोप न्हाई मिळत त्याला," शेवटी म्हणाला. "दिवसाला चार खेपा मारतो." मग जेवण न करता झोपला.

६

त्यानंतरच्या शुक्रवारी मी गेलो नाही.

विचार सरळ होता. मी पळायला लागलो तेव्हा हे सुरू झालं, तर मी थांबलो की बंद होईल. पावणेपाचला जाग आली. पाच वाजले. मी पलंगाच्या वरच्या मजल्यावर छताकडे तोंड करून पडलो होतो. खालचे सगळे झोपले होते. एसी चालू होता, थांबला, पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं गेली. काहीच झालं नाही. मला इतकं हलकं वाटलं की डोळा लागायला आला.

तेवढ्यात फोन वाजला. आई कधी फोन करत नाही. करायचा झालाच तर एक रिंग देऊन बंद करते, मग मी लावतो. त्या दिवशी रिंग थांबली नाही.

"गहिन्या," आई अगदी हळू बोलत होती, "थांबलास कावून?"

"काय?"

"दारात येऊन थांबलास की. कवाचा उभा हायस. पाठ करून."

मी उठून बसलो. डोकं छताला लागलं.

"आई, तू कुठं हायस?"

"घरात. टँकर यायचाय अजून. तू दारात. पानी दिलं तर घेईना. वळंना बी." तिच्या बोलण्यात भीती नव्हती, तेच वाईट होतं. रुसलेल्या पोराजवळ बोलावं तसं बोलत होती. "मी म्होरून जाते अन बघते काय झालं ते. रडाया बिडाया लागलास का रे?"

"नको! आई, जागची हलू नको!"

मी खाली उडी मारली. अनवाणीच मागच्या अंगणात गेलो. तिथे लोकांचे कपडे वाळत घातलेले असतात. फोन कानाला लावून त्या दोऱ्यांखालून मी पळायला लागलो. भिंतीपर्यंत, परत, भिंतीपर्यंत. ओल्या चादरी तोंडावर येत होत्या.

फोनमध्ये आधी नुसती आमच्या घराची शांतता होती. गाईच्या गळ्यातली घंटी वाजली. मग पावलं सुरू झाली. एक भरीव, एक घासलेलं. थप, खस. थप, खस. माझ्याच पायाबरोबर. मी वेग वाढवला, ती वाढली. मी भिंतीपाशी अडखळलो, तेव्हा तिकडेही एक ठोका चुकला.

"गेला बघ," आई म्हणाली. मग जरा नाराजीने, "पानी तसंच ऱ्हायलं."

७

त्यानंतर मी एकही शुक्रवार चुकवला नाही. पाचच्या आधी सुरू करायचो आणि आईचं पाणी भरून होईपर्यंत थांबायचो नाही. क्लबाचे लोक चहाला बसले तरी मी पळत असायचो. थॉमस सर एकदा पाठीवर हात ठेवून म्हणाले, गहिनी, थोडा आराम कर, वजन किती उतरलंय. एका नर्सबाईने सगळ्यांचा फोटो काढून दाखवला. तीस हसरे चेहरे आणि अगदी कडेला माझी पाठ. फोटो काढताना मी कॅमेऱ्याकडे बघत होतो असं मला वाटतं. पण नक्की आठवत नाही. त्या दिवसांत मी इतका दमलेला असायचो की हातातला पाना कुठे ठेवला तेही आठवत नसे.

तहान लागेनाशी झाली होती. पाणी मी घड्याळ बघून प्यायचो, औषधासारखं.

मी आईला सांगितलं, माझं नाव यादीतून काढ. गाय विकून टाक. ती कुरकुरली, पण माझा आवाज ऐकून राधाकिशनकडे गेली. राधाकिशनने तिला शेडमधल्या खुर्चीवर बसवलं आणि रजिस्टर उघडून दाखवलं.

"त्यो म्हणला, केसरकाकू, सात हप्ते झाले, पोरगा हजर हाय. मी सोता पायलाय. हजर मानसाचं नाव कसं कमी करू? वरून तपासनी आली तर मलाच विचारतील. त्याला म्हणावं सोता ये, यादीवर सही कर, मंग कमी करतो."

"मग?"

"मंग काय. त्याला म्हणलं, येईलच."

जलालुद्दीनने मालकाशी बोलून मला पंधरा दिवसांची सुट्टी काढून दिली. निघताना माझी पिशवी धरून उभा राहिला. "जाऊन एक सही करायची," म्हणाला. "मोठ्यानं बोलायचं, मी गहिनीनाथ, मी इथं हाय. बास. लाजायचं न्हाई, समजलं का बे?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल."

"समजलं," मी म्हणालो. त्याने कान पुढे केला होता.

८

गुरुवारी संध्याकाळी शिरूर कासारला उतरलो. नबी टँकर घेऊन उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सलाम केला. त्याच्या बाजूचा आरसा त्याने आतल्या अंगाला मुडपून ठेवला होता. तसाच तो टँकर चालवत होता.

आई दारात उभी होती. लहान झाली होती. मी पाया पडून उठलो तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नमस्कार करणाऱ्या परक्या माणसाकडे बघतात तशी.

"आई, मी."

"हां," ती म्हणाली. डोळे बारीक केले. "जरा वळ बरं."

मी वळलो. अंगणाकडे तोंड करून उभा राहिलो. मागून तिचा श्वास सुटलेला ऐकू आला.

"हां हां, तूच रे बाबा. ये, आत ये."

जेवताना ती माझ्या मागे बसली. भाकरी मागून पुढे करायची. मी दोनदा म्हणालो, समोर बस. ती म्हणाली, इथंच बरंय, वारं लागतं.

मी खोलीभर नजर फिरवली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त उंबऱ्याच्या आत माझ्या जुन्या चपलांच्या जागी मातीत दोन खोल टाचा उमटलेल्या होत्या. बाहेर तोंड करून कुणीतरी बराच वेळ उभं राहिल्यासारख्या. उंबऱ्याच्या आत.

"आई, तो घरात आलता?"

"कोण?" आई म्हणाली.

९

सकाळी सव्वासहालाच मी डेअरीसमोर जाऊन उभा राहिलो. आईचे दोन कॅन तिच्या हातात दिले नाहीत, मीच नेले. दहा-बारा म्हातारी माणसं रांगेत होती. नबी टँकरच्या नळापाशी पाठ करून बसला होता. छबुबाईने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "पावनं कुनाकडलं म्हणायचं?"

तिने मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. मी तोंड उघडलं, पण आई कॅन लावण्यात गुंतली होती, आणि छबुबाई पुढे म्हणाली, "तुझं लेकरू न्हाई दिसलं आज अजून. लई पळतं बाई, दमत न्हाई का?" रांगेत हसू पिकलं.

राधाकिशनने टेबल मांडलं. रजिस्टर उघडलं. मी ठरवलेलं वाक्य मनात म्हणत होतो. मी गहिनीनाथ, मी इथं हाय, माझं नाव कमी करा.

"सारजाबाई."

"हजर."

"छबुबाई."

"हाय रे बाबा, मरते कुठं."

"केसरबाई."

"हजर."

"गहिनीनाथ."

"हजर," मी म्हणालो.

राधाकिशनने मान वर केली नाही. पेन थांबलेलं होतं. "गहिनीनाथ," त्याने पुन्हा वाचलं.

मी पुन्हा म्हणालो. मला माझा आवाज नीट ऐकू आला. समोरच्या म्हाताऱ्याचा कानही हलला नाही. मी पुन्हा शाळेतल्या त्या बाकावर होतो.

आई मागे न बघता, नेहमीच्या सवयीने म्हणाली, "पळायला गेलाय, येईलच."

तेव्हा सगळ्यांनी तलावाकडे बघितलं.

पाळेवर कोवळं ऊन पडलं होतं. नारिंगी ठिपका उतरणीला लागला होता. थप, खस. थप, खस. मी जागचा हललो नव्हतो, माझे दोन्ही पाय जमिनीवर होते, तरी ती पावलं येत होती. तो आमच्याकडे येत होता. मोठा होत होता. आधी जाकीट, मग मान, मग मानेवरचे कापलेले केस, मग घामाचा पाठीवरचा डाग. तो जवळ येत होता आणि पाठच दिसत होती. पाय आमच्या दिशेने पडत होते आणि टाचा आमच्याकडे होत्या.

रांगेतल्या कुणालाही काही वाटलं नाही. छबुबाईने बाजूला सरून त्याला जागा करून दिली. तो आईच्या मागे येऊन उभा राहिला, माझ्यापासून दोन हातांवर. राधाकिशनने खूण केली. आईने नळाखाली तांब्या धरला, भरला, आणि वळली.

"वळत न्हाईस व्हय आज बी?" ती मायेने म्हणाली. "थांब, मीच म्होरून येते." आणि तांब्या सांभाळत ती त्याला वळसा घालून पुढच्या बाजूला निघाली.

त्या क्षणी मला एक शब्द मोठ्याने बोलायचा होता. आई, एवढाच. तिने मान वळवली असती. पण मला माझं काय जमतं ते ठाऊक होतं. एवढ्या आठवड्यांत मी एकच गोष्ट शिकलो होतो, की मी पळालो की तो जातो. मला पळणं सोपं वाटलं.

मी पळालो. शेडच्या बाजूने, उतरण चढून, पाळेवर. जिवाच्या आकांताने. पाळेवर पोचल्यावर कान दिला. थप, खस. थप, खस. एकाच माणसाची पावलं होती. माझी.

मी थांबलो. ती थांबली. खाली काहीच हललं नाही.

वळून पाहिलं. आई त्याच्या समोर उभी होती. तिचं तोंड माझ्याकडे होतं, त्याच्या खांद्यावरून अर्धं दिसत होतं. ती वर, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि इतकी शांत हसत होती की मला तसं तिला कधी पाहिल्याचं आठवत नाही. त्याने तांब्या वर केला. पिऊन झाल्यावर टेबलावर पालथा ठेवला.

मग आईची नजर पाळेवर आली. तिने कपाळावर हात धरला, उन्हात लांबचं बघायला धरतात तसा.

"राधाकिशन," तिचा आवाज स्पष्ट आला, "त्यो कोण पळतोय रे सकाळी सकाळी?"

राधाकिशन पुढचं नाव वाचत होता.

मी पाळेवर उभा होतो. एकदम लक्षात आलं की तोंडाला कसलीच चव नाही. घसा कोरडा पडला होता, जीभ टाळूला चिकटली होती. किती तरी आठवड्यांनी मला तहान लागली होती.